वादळाची तयारी: आधी एक कागद घ्या

मागच्या वादळाच्या वेळी माझ्याकडे दोन टॉर्च होते, पाण्याचे कॅन होते, कोरडं खाणं होतं, दोन पॉवर बँका होत्या. नव्हता तो एकाही माणसाचा फोन नंबर. सगळे नंबर फोनमध्ये, आणि फोन तिसऱ्या रात्री बंद पडला, कारण दोन्ही पॉवर बँका मी पहिल्या दोन दिवसांत वादळाच्या बातम्या बघण्यात उडवल्या होत्या. चौथ्या दिवशी पाण्याच्या रांगेत एका मुलानं आपला फोन पुढे केला. त्याला रेंज होती. बॅटरी नऊ टक्के. "पटकन लावा," म्हणाला. मी फोन हातात घेतला आणि पडद्यावरच्या आकड्यांकडे बघत उभी राहिले. बहिणीचा नंबर आठवेना. नवऱ्याचाही आठवेना, तो कामासाठी दुसऱ्या शहरात अडकलेला. आठवला तो शाळेतल्या मैत्रिणीच्या घरचा सहा आकडी नंबर, जो बंद होऊन पंचवीस वर्षं झाली असतील. शेवटी बोटांनी आपोआप एक नंबर दाबला. तो माझाच होता. मी त्या मुलाला फोन परत दिला आणि "लागत नाही" असं खोटं सांगितलं. तिकडे ताई चार दिवस हॉस्पिटलांना फोन करत होती.

म्हणून यादीतली पहिली गोष्ट: कागद. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

कागदावर हातानं नंबर लिहा. बॉलपेननं किंवा पेन्सिलीनं. काही जेल पेनांची शाई थेंबभर पाण्यानंसुद्धा पसरते. घरातल्या प्रत्येकाचा नंबर लिहा, आणि वादळाच्या टापूबाहेर राहणाऱ्या निदान दोघांचे. टापूबाहेरचे अशासाठी की तुमचा फोन बंद असेल तेव्हा शेजाऱ्याचाही बंदच असणार. त्यातल्या एकाला आधीच सांगून ठेवा की आम्ही सगळे तुलाच कळवणार, तू बाकीच्यांना सांग. म्हणजे पाच जणांनी एकमेकांना शोधत बसायला नको. मग औषधांची नावं आणि मात्रा, रक्तगट, विमा पॉलिसीचा क्रमांक, वीज तक्रारीचा नंबर. तीन प्रती काढा, प्रत्येक प्रत प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत. एक पर्समध्ये, एक निघायच्या बॅगेत, एक मुलांच्या दप्तरात. "मी फोनमध्ये फोटो काढून ठेवलाय" हे चालणार नाही. त्याच फोनबद्दल बोलतोय आपण.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल तर २०१७ साली मारिया वादळानंतरचं प्वेर्तो रिको हे कॅरिबियन बेट आठवा. तिथले ९५ टक्के मोबाइल टॉवर बंद पडले होते, आणि सगळ्या घरांत वीज परत यायला जवळपास अकरा महिने लागले. २०२४ मध्ये हेलीन वादळानं अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पुरानं रस्ते वाहून नेले आणि कित्येक ठिकाणी फोन बरेच दिवस मुके होते. तिथं कोणी वादळाची तयारी केली असेल असं मला वाटत नाही. डोंगरात कोण करतं?

आता बाकीचं. टॉर्च, सेल, प्रथमोपचाराची पेटी, न शिजवता खाता येईल असं खाणं: हे तुम्हाला ठाऊक आहे, सांगत बसत नाही. पाण्याचा हिशेब मात्र लोक चुकवतात. माणशी रोज चार लिटर, तीन दिवसांचं कमीत कमी. जागा असेल तर दोन आठवड्यांचं. यात पिणं आणि जुजबी वापर आला, संडासाचं पाणी आलं नाही. त्यासाठी बादल्या, पिंप, टब, जे असेल ते आदल्या रात्री भरून ठेवा, कारण वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद की नळ कोरडा. औषधं दोन आठवड्यांची. सुटे पैसे, छोट्या नोटांत. कार्डाचं मशीन विजेवर चालतं आणि दुकानदाराकडे तेव्हा मोड नसते. गाडीत इंधन दोन दिवस आधीच भरा. आदल्या दिवशीची पंपावरची रांग बघितली की वाटतं सगळं शहर तिथंच राहायला आलंय.

वादळाच्या अंदाजाचा नकाशा नीट वाचायला शिका, त्यावरून माझं जवळजवळ सगळ्यांशी भांडण होतं. नकाशावर पुढे रुंद होत जाणारा पांढरा शंकू दिसतो. तो म्हणजे वादळाचा आकार नव्हे. वादळाचं केंद्र त्या पट्ट्यात कुठेतरी असेल, एवढाच त्याचा अर्थ, आणि तेसुद्धा साधारण तीनपैकी दोन वेळा. म्हणजे तिसऱ्या वेळी केंद्र शंकूच्या बाहेर जातं. आणि वारा-पाऊस केंद्रापासून शेकडो किलोमीटरवर पोचतो. "आपण शंकूच्या बाहेर आहोत" म्हणून निवांत झोपणारे आमच्या इमारतीत तीन जण होते. तिघांच्याही काचा गेल्या.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे श्रेणी. अटलांटिकातली हरिकेन, म्हणजे तिकडची मोठी चक्रीवादळं, एक ते पाच अशी मोजतात, ताशी ११९ किलोमीटरपासून पुढे. ती मोजणी फक्त वाऱ्याची आहे. पाण्याबद्दल ती अवाक्षर बोलत नाही, आणि माणसं जास्त करून पाण्यानंच मरतात. २००८ सालचं आइक वादळ अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा दुसऱ्याच श्रेणीचं होतं, पण तिथल्या बोलिव्हर नावाच्या चिंचोळ्या भूपट्टीवर समुद्र साडेचार मीटरहून वर चढला आणि घरंच्या घरं जमिनीपासून पुसली गेली. २०१७ च्या हार्वे वादळानं टेक्सासमध्ये एका ठिकाणी पंधराशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडला, तोही किनाऱ्यावर आल्यावर वारा उतरत असताना. तेव्हा "दोनचंच आहे" असं कोणी म्हटलं तर त्याला सखल भागात किती मीटर पाणी येईल ते विचारा. वाऱ्यापासून लपता येतं, पाण्यापासून निघून जावं लागतं. निघा म्हणून सांगितलं की निघा. घर सोडवत नाही हे मला माहीत आहे. मलाही सोडवलं नव्हतं. आणि निघताना कागद घेतलात का? बॅगेत आहे ना? बघा एकदा.

अमेरिकेत धोक्याची पहिली सूचना जोराचा वारा पोचायच्या साधारण ४८ तास आधी देतात आणि पक्का इशारा ३६ तास आधी. पहिली सूचना आली की कामाला लागायचं, पक्क्या इशाऱ्याची वाट बघायची नाही. खिडक्या तेव्हाच झाकायच्या. काचेवर चिकटपट्टीचा फुलीसारखा क्रॉस मारणाऱ्यांनो, थांबा. त्यानं काच फुटायची थांबत नाही. उलट फुटली तर पट्टीला चिकटलेले मोठे तुकडे घेऊन आत येते. शटर नसेल तर सोळा मिलिमीटर जाडीचं प्लायवूड लावा. ते आधीच मापानं कापून, भोकं पाडून, मागं "स्वयंपाकघर, डावी" असं खडूनं लिहून ठेवलेलं असावं. मी ते केलं नव्हतं. भर वाऱ्यात शिडीवर चढून कुठली फळी कुठल्या खिडकीची हे जुळवत बसले होते, आणि एक फळी हातातून सुटून शेजाऱ्याच्या गाडीच्या बॉनेटवर जाऊन पडली. ती गोष्ट अजून मिटलेली नाही. गॅरेजचं मोठं दार असेल तर त्याच्याकडे खिडक्यांहून जास्त लक्ष द्या. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर पडझडीची पाहणी झाली तेव्हा दिसलं, ते दार आत दबलं की वारा घरात शिरतो आणि छत आतून उचलतो.

बाहेरच्या कुंड्या, खुर्च्या, सायकली, कचऱ्याचे डबे आत घ्या. गच्चीवरच्या पाणी जायच्या तोंडातली पानं काढा, नाहीतर गच्चीचं तळं होतं आणि पाणी जिन्यानं खाली येतं. झाडाची वाळलेली फांदी महिनाभर आधीच कापून घ्या. आदल्या दिवशी कापलेल्या फांद्या रस्त्यावर पडून राहतात आणि वारा त्या पुन्हा तुमच्याकडेच पाठवतो.

घराचे फोटो काढा. प्रत्येक खोलीचे, कपाटं उघडून, फ्रिज-टीव्हीच्या मागच्या पट्टीवरच्या नंबरासकट. विम्याचा माणूस विचारतो, "हे आधीपासूनच असं नव्हतं कशावरून?" फोटो फोनमध्येच ठेवू नका, कोणाला तरी पाठवा. बघा, पुन्हा फोन. फोन हा वादळातला सगळ्यात नाजूक प्राणी आहे. त्याची बॅटरी बातम्यांत घालवू नका, उजेड कमी करा, दिवसातून दोनदाच चालू करा. फोन लागत नसेल तर मेसेज पाठवा. कॉल जात नाही तिथं दोन ओळींचा मेसेज कधीकधी निघून जातो. बातम्यांसाठी सेलवर चालणारा रेडिओ घ्या. आणि हे सगळं केलंत तरी फोन बंद पडणार आहे असं धरूनच कागद लिहा.

वादळ अंगावर आलं की करण्यासारखं फार थोडं उरतं. खिडक्यांपासून लांब, मधल्या खोलीत बसा. मेणबत्त्या नकोत, टॉर्च लावा. फ्रिज उघडू नका: बंद असला तर चार तास गारवा टिकतो, भरलेला फ्रीझर दोन दिवस तग धरतो. वादळाआधी फ्रीझरमध्ये पेलाभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी दिसलं तर मध्ये सगळं वितळून पुन्हा गोठलंय, टाकून द्या. ही युक्ती मला आवडते, कारण फ्रीझरला खोटं बोलता येत नाही.

आणि मध्येच एकदम सगळं शांत झालं, आभाळ फिकट झालं, तर बाहेर पडू नका. तो वादळाचा डोळा आहे, म्हणजे मधला शांत भाग. काही मिनिटं चालेल, कधी अर्धा-पाऊण तास, मग वारा उलट्या दिशेनं येतो, आणि पहिल्या फेरीत हललेलं सगळं दुसऱ्या फेरीत सुटतं. आमच्याकडे एक गृहस्थ त्या शांततेत अंगण झाडायला निघाले होते. त्यांना बायकोनं शर्टाला धरून आत ओढलं, म्हणून वाचले.

नंतरचं मी भराभर सांगते, कारण त्या वेळेपर्यंत माणूस थकलेला असतो आणि नेमक्या चुका तेव्हाच होतात. पडलेली तार जिवंत आहे असंच धरा. वाहत्या पाण्यात पाय घालू नका. पंधरा सेंटिमीटर पाणी माणसाला पाडतं, साठ सेंटिमीटर बहुतेक गाड्या तरंगवतं. ओल्या हातानं किंवा पाण्यात उभं राहून मेन स्विचला हात नको.

जनरेटर घरात नाही, गॅरेजात नाही, बाल्कनीत नाही, खिडकीपाशी नाही. घरापासून निदान सहा मीटर लांब, धूर घराच्या उलट्या दिशेला. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, डोकं दुखतं आणि झोप लागते, बस्स. २०२० च्या लॉरा वादळात लुइझियानात वादळातून सुखरूप वाचलेली कित्येक माणसं नंतर अशा जनरेटरनं गेली.

पाणी उकळून प्या. उकळता येत नसेल तर लिटरला दोन थेंब साधं, वास नसलेलं ब्लीच, ढवळून अर्धा तास ठेवा. भिजलेल्या गाद्या, गालिचे बाहेर काढा. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरते. टाकण्याआधी फोटो. साफ करण्याआधीही फोटो. पावत्या जपा. दारावर येऊन "आजच पूर्ण पैसे द्या, उद्या छत करतो" म्हणणाऱ्याला हात जोडून परत पाठवा. मी पाठवलं नव्हतं. अर्धी रक्कम गेली आणि माणूसही गेला. विम्याशी बोलणं झालं की तारीख, वेळ, समोरच्याचं नाव लिहून ठेवा. कशावर? त्याच कागदाच्या मागं.

आणि वर्षातून एकदा, वादळाचे दिवस सुरू व्हायच्या आधी, तो कागद पिशवीतून काढून त्यावरचे नंबर खरंच लावून बघा. मी गेल्या महिन्यात लावले. ताईनं नंबर बदलून दीड वर्ष झालंय.