या चुका टाळा : मासे तळताना तेल कुठे चुकते

नाशकात मासे तळणाऱ्या घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : माशांना कोणते तेल चांगले? प्रश्न साधा वाटला तरी तो अर्धाच आहे, कारण पापलेट तव्यावर परतायचे आहे की चिलापीचे तुकडे कढईत सोडायचे आहेत, आणि उरलेल्या तेलाचे पुढे काय करायचे आहे, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर देता येत नाही. आपल्याकडे नेमके उलट घडते. तेल महिन्याच्या किराण्यात आधीच घरात आलेले असते, मासा रविवारी सकाळी येतो, आणि तळण बिघडले की दोष कधी माशाला, कधी मासेवालीला, तर कधी मसाल्याला दिला जातो.

फिल्टर आणि रिफाइंड यांत गल्लत

सर्वांत जास्त घोटाळा या दोन शब्दांमुळे होतो. दुकानात ज्याला 'फिल्टर' किंवा 'डबल फिल्टर' शेंगदाणा तेल म्हणतात ते दाणे दाबून काढलेले आणि केवळ गाळलेले तेल असते. लाकडी घाण्याचे तेलही याच जातीचे. त्यात दाण्याचा वास आणि रंग राहतो, आणि त्याबरोबर थोडी मुक्त मेदाम्ले व चिकट द्रव्येही राहतात. रिफाइंड तेलातून ही सर्व द्रव्ये काढून टाकलेली असतात, म्हणून ते फिकट, वासहीन आणि अधिक आच सोसणारे होते. फरक किती मोठा आहे हे आकड्यांवरून ध्यानात येईल : रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० अंश सेल्सिअसच्या आसपास धूर सोडू लागते, तर न शुद्ध केलेले तेल १६० अंशांच्या आसपासच. कढईत मासा तळायला १७० ते १८५ अंशांची आच लागते. म्हणजे घाण्याचे तेल तळणाच्या आचेला पोहोचण्यापूर्वीच जळू लागते.

हे मी पुस्तकी ज्ञानावर सांगत नाही. काही वर्षांपूर्वी गटारीच्या आदल्या रविवारी ओळखीच्या घाण्यावरून पाच लिटरचा डबा मोठ्या अभिमानाने आणला आणि त्यातले लिटरभर तेल कढईत ओतून कटल्याचे तुकडे सोडले. पहिल्या घाण्यालाच तेलावर दुधासारखा फेस चढला, कढईच्या काठावरून शेगडीवर आला, ज्योत पिवळी पडली आणि स्वयंपाकघरात डोळे चुरचुरतील इतका धूर झाला. तेल अस्सल होते, त्यात कसलीही भेसळ नव्हती. न काढलेल्या चिकट द्रव्यांमुळे कच्चे तेल ओल्या पदार्थाबरोबर फेसाळते, एवढे साधे कारण मला तेव्हा माहीत नव्हते. तेच तेल पुढे मध्यम आचेवर, बिडाच्या तव्यावर चार चमचे घालून बांगडा परतायला वापरले, तेव्हा त्याच्या वासाने शेजारी विचारायला आले.

म्हणून माझे मत असे आहे की तव्यावर परतायचे असेल तर फिल्टर किंवा घाण्याचे शेंगदाणा तेल घ्यावे, कारण तिथे तेलाची चव माशाला लागते आणि आच आपल्या हातात राहते. कढईत बुडवून तळायचे असेल तर रिफाइंड घ्यावे. दोन्हीसाठी एकच डबा ठेवण्याचा आग्रह सोडला तर निम्म्या तक्रारी मिटतात. पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे का, हे मात्र तेल ओतण्यापूर्वी विचारावे. कच्च्या तेलात दाण्यातील प्रथिनांचा अंश राहू शकतो.

'धरणावर मिळतो तसा कुरकुरीत होत नाही'

गंगापूर धरणाच्या बाजूला जाऊन तळलेला मासा खाऊन आलेला प्रत्येक नाशिककर घरी आल्यावर ही तक्रार करतो आणि तेल बदलून पाहतो. तेल बदलून हा दोष जात नाही, कारण तो बहुधा पाण्याचा आणि आचेचा असतो. व्यावसायिक कढईत आठ-दहा लिटर तेल मोठ्या शेगडीवर सतत तापत असते, त्यामुळे चार तुकडे पडले तरी त्याची आच फारशी उतरत नाही. घरच्या कढईत तेल लिटरभर, शेगडी लहान, आणि मासा थेट फ्रिजमधून काढलेला. अशा तेलात एकदम सहा तुकडे टाकले की तळणे थांबते आणि तुकडे तेलात उकडू लागतात. पीठ तेल पिते, कवच मऊ पडते, आणि खाणारा म्हणतो की तेल जड होते.

मुंबईकडून कसारा घाट चढून येणारी समुद्राची मासळी बर्फात येते. बर्फ वितळून त्याचे पाणी तुकड्यांत मुरलेले असते, आणि गोठवलेल्या मासळीतून तर तळेपर्यंत पाणी सुटत राहते. बोंबील हा त्यातला टोकाचा प्रकार. तो साफ करून, मधून उघडून, फडक्याच्या घड्यांत ठेवून त्यावर पाटा किंवा तसेच काही जड ठेवले नाही तर जगातले कोणतेही तेल त्याला कुरकुरीत करू शकणार नाही. इतर माशांनाही हळद-मीठ लावून वीस मिनिटांनी सुटलेले पाणी निथळू द्यावे, मग आले-लसणाचे वाटण आणि आगळ किंवा लिंबू लावावे, आणि रवा अथवा तांदळाचे पीठ तेलात सोडण्याच्या अगदी आधी लावावे. पीठ लावून ताट अर्धा तास तसेच ठेवले तर पीठ ओले होते आणि तेलात सुटून तळाशी जाते. तेच जळून पुढच्या घाण्याला काळे ठिपके आणि कडवटपणा देते.

आच ओळखण्यासाठी चिमूटभर ओले पीठ तेलात टाकावे. ते तळाशी बसले तर तेल थंड आहे, लगेच वर येऊन भोवती बारीक बुडबुडे उठले तर तयार आहे, आणि टाकताक्षणी तपकिरी झाले तर गॅस बारीक करून थोडे थांबावे. लिटरभर तेलात एका वेळी दोन, फार तर तीन तुकडे सोडावेत. घाई असणाऱ्यांना हे पटत नाही, हे मला ठाऊक आहे.

सोयाबीन, सूर्यफूल आणि मासेवालीवरचा आळ

किराण्याच्या यादीत बहुतेक घरांत सोयाबीन किंवा सूर्यफूल तेलाची पिशवी असते. दोन्ही रिफाइंड असल्याने त्यांचा धूरबिंदू, म्हणजे तेल धूर सोडू लागते ती आच, चांगला असतो आणि ताज्या तेलात एकदा तळायला ती चालतात. अडचण दुसऱ्या वेळेपासून सुरू होते. सोयाबीन तेलात साधारण ७ टक्के लिनोलेनिक आम्ल असते. हे आम्ल हवा आणि उष्णता यांनी लवकर बिघडते, आणि बिघडलेल्या सोयाबीन तेलाचा वास हा चक्क मासळीच्या वासासारखा असतो. त्यामुळे ताजी सुरमई आणूनही 'वास मारते' असे वाटू शकते आणि बिचाऱ्या मासेवालीवर आळ येतो. असा संशय आला तर आधी त्याच तेलात एक बटाट्याची चकती तळून तिचा वास घ्यावा.

सूर्यफूल तेलाचे वेगळे आहे. त्यातील लिनोलेइक आम्लाचे प्रमाण मोठे असल्याने वारंवार तापवले की ते घट्ट होत जाते आणि कढईच्या काठावर पिवळसर चिकट थर बसतो, जो घासणीने निघता निघत नाही. त्या मानाने शेंगदाणा तेल आणि राइस ब्रॅन तेल तळणाला अधिक टिकतात. 'कोलेस्टेरॉल फ्री' हे शब्द पाहून मात्र तेल निवडू नये. शुद्ध वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतेच असते, तेव्हा ते शब्द कोणत्याही पिशवीतल्या तेलाला लागू पडतात.

परप्रांतीय तेले आणि आपली खुरासणी

सातपूर-अंबड भागात उत्तरेकडील आणि बंगाली कामगारांची वस्ती वाढल्यापासून मोहरीचे तेल तिथल्या किराणा दुकानांत सहज मिळते. रोहू-कटल्याचा चिखलट वास झाकायला त्याचा तिखटपणा उपयोगी पडतो. मात्र ते पुरेसे न तापवता वापरण्याची चूक होते. बंगाली रीत अशी की तेल धूर दिसेपर्यंत तापवायचे, मग गॅस बंद करून थोडे निवू द्यायचे आणि त्यानंतर मासा सोडायचा. खोबरेल गोवा-केरळच्या पद्धतीच्या माशाला छान, पण ते दुसऱ्या तेलात मिसळून कढईत तापवले की जोरात फेसाळते; उरलेले थोडे खोबरेल संपवायचे म्हणून शेंगदाणा तेलात ओतू नये.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीच्या बाजूला खुरासणीचे, म्हणजे कारळ्याचे तेल निघते, आणि ज्यांनी त्यात सुकट परतलेली खाल्ली आहे त्यांना त्याची ओढ असते. ते थोडे घेऊन, मंद आचेवर परतण्यासाठी किंवा कालवणाच्या फोडणीसाठी वापरावे. खोल तळणासाठी आणि पुन्हा पुन्हा तापवण्यासाठी ते नाही. उत्तम प्रतीच्या ऑलिव्ह तेलात मासा बुडवून तळणे हा तर पैशाचा अपव्यय आहे.

थंडीतली एक शंका इथेच दूर करतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरला की शेंगदाणा तेल गढूळ दिसू लागते. ही भेसळ नव्हे, बाटली थोडी उबेला ठेवली की ते पुन्हा नितळ होते. तेल तुपासारखे गोठून बसले तर मात्र त्यात पामतेल मिसळल्याची शंका घेण्यास जागा आहे. म्हणूनही सुटे तेल घेऊ नये, सीलबंद घ्यावे.

बटेर आणि गावरान कोंबडी

माशांखेरीज कुणी पक्षी तळणार असेल तर एवढे लक्षात ठेवावे. रानातले तितर, लाव्हे किंवा ससा मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा 'शिकारीचे' म्हणून कुणी काही आणून दिले तर ते घेऊच नये. पाळीव जपानी बटेर मिळाली तर ती माशापेक्षा किंचित कमी आचेवर, १७० अंशांच्या आसपास तळावी, कारण हाडालगतचे मांस शिजेपर्यंत वरचे आवरण करपते. गावरान कोंबडी आधी कुकरमध्ये शिजवून, पूर्ण कोरडी करून मगच तेलात सोडावी. या दोन्हींच्या तळणाचे तेल मासळीच्या तेलापासून वेगळे ठेवावे. माशाचा वास तेलातून जात नाही, आणि सोमवारी त्याच तेलात केलेल्या पुऱ्या घरात कुणाला चालत नाहीत.

उरलेले तेल

येथे आपला काटकसरीचा स्वभाव आडवा येतो. तळण झाल्यावर तेल त्याच लोखंडी किंवा बिडाच्या कढईत रात्रभर झाकून ठेवण्याची सवय अनेकांना आहे. लोखंड आणि त्याहून अधिक तांबे-पितळ तेल खवट होण्याची क्रिया वेगाने घडवतात; त्यातच तळाला जळके पीठ असते. तेल कोमट झाले की पातळ सुती फडक्यातून गाळून स्टीलच्या वा काचेच्या भांड्यात, उजेडापासून दूर ठेवावे, त्यावर तारीख लिहावी आणि आठवड्याच्या आत पुन्हा एकदा माशासाठीच वापरावे. जुन्या तेलात ताजे ओतून ते 'सुधारत' नाही; जुने तेल ताज्यालाही लवकर बिघडवते. पुन्हा तापवताना तेलाने नेहमीपेक्षा आधी धूर सोडला, फेस बसेना, किंवा झाऱ्यावरून ते पाकासारखे घट्ट ओघळू लागले, तर ते टाकण्याची वेळ झाली. हॉटेलांसाठी भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांची (तेल तापून बिघडल्याने तयार होणाऱ्या द्रव्यांची) मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. घरी ते मोजण्याचे यंत्र नसते, म्हणून डोळे आणि नाक यांवर भिस्त ठेवावी लागते.

तेलाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये. गॅस बंद करून कढईवर घट्ट बसणारे झाकण सरकवावे आणि पूर्ण निवेपर्यंत ते उचलू नये, कढई हलवूही नये.

टाकायचे तेल मोरीत ओतण्याची चूक बहुतेक सर्वच करतात. ते नळीत थिजून सोसायटीचा पाइप तुंबवते, आणि जे पुढे जाते ते नाल्यांवाटे गोदावरीकडे जाते. रिकाम्या दुधाच्या पिशवीत जुने वर्तमानपत्र किंवा लाकडाचा भुसा भरावा, निवलेले तेल त्यात जिरू द्यावे, आणि पिशवीला गाठ मारून ती घंटागाडीत द्यावी.