अल्ट्रालाइटला लायसन्स लागत नाही, मग काय काय बघायचं?

अमेरिकेत अल्ट्रालाइटला, म्हणजे एका माणसाच्या अगदी हलक्या विमानाला, लायसन्स लागत नाही हे कळलं की आपल्या लोकांचा पुढचा प्रश्न ठरलेला, "मग घेऊन टाकू का एक?" घ्या की, पण आधी नियम नीट समजून घ्या. यासाठीचा अमेरिकन विमान-नियम म्हणजे पार्ट 103, तो 1982 चा. सीट एकच, रिकामं वजन 254 पाउंडांच्या आत म्हणजे साधारण 115 किलो (पॅराशूटचं वेगळं धरतात), पेट्रोल जास्तीत जास्त 5 गॅलन, आणि फुल पॉवरला स्पीड 55 नॉट्सच्या (ताशी साधारण 102 किमी) वर नको. अशा सगळ्या अटींत बसलं की रजिस्ट्रेशन नाही, मेडिकल नाही, काही नाही. भारतात हे चालणार नाही, तिथे मायक्रोलाइटलासुद्धा (असंच छोटं हलकं विमान) डीजीसीएचं, म्हणजे सरकारी विमान खात्याचं, रजिस्ट्रेशन आणि लायसन्स दोन्ही लागतं. पण अमेरिकेतल्या या सवलतीचा अर्थ असाही होतो की तुमचं विमान कोणी तपासलेलं नाही आणि तुम्हालाही नाही, म्हणजे सगळं तुमच्याच गळ्यात.

आधी टू-सीटरवर इन्स्ट्रक्टरसोबत शिका. सिंगल सीटमध्ये शेजारी बसून चूक सुधारणारं कोणी नसतं, आणि यूट्यूब बघून उडायला जाणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

प्रीफ्लाइट, म्हणजे उडण्याआधीची तपासणी, घाईत करू नका. केबलवरून सुती फडका फिरवा, एखादी तार तुटलेली असेल तर तिथे फडका अडकतो, आणि अडकला की त्या दिवशी उड्डाण कॅन्सल. मग विंगचे बोल्ट, त्यांच्या सेफ्टी पिना, प्रॉपेलरचे बोल्ट, सगळं हात लावून बघायचं, नुसतं लांबून नाही. टू-स्ट्रोक इंजिन असेल तर पेट्रोलमध्ये ऑइल मोजून, 50:1 सांगितलं असेल तर लिटरला 20 मिली, अंदाजपंचे ओतलंत आणि ऑइल कमी पडलं तर इंजिन हवेत जाम होतं.

आणि इंजिन कधीतरी बंद पडणारच असं धरूनच उडा. हलकं विमान, त्यात तारा-पाइपांचा ड्रॅग (हवेचा अडथळा), त्यामुळे पॉवर गेली की स्पीड झपाट्याने पडतो, मोठ्या विमानासारखा विचार करायला वेळ मिळत नाही, म्हणून लगेच नाक खाली आणि मग बाकी सगळं. टेकऑफनंतर कमी उंचीवर बंद पडलं तर रनवेकडे वळायचा मोह होतो, तो टाळा, वळताना स्टॉल झालं, म्हणजे स्पीड कमी पडून पंखांनी विमान उचलून धरणं सोडलं, तर सावरायला उंची नसते, समोर जे शेत दिसेल त्यात उतरा, विमान मोडलं तर मोडू दे. याच कारणासाठी पूर्ण वेळ खाली उतरण्याजोगी जागा हेरत राहायची. दाट वस्तीवरून किंवा उघड्यावरच्या गर्दीवरून उडायला नियमानेच बंदी आहे, आणि बाकी सगळ्या विमानांना वाट तुम्हीच द्यायची.

दुपारी ऊन तापलं की थर्मलमुळे (वर चढणाऱ्या गरम हवेमुळे) हे छोटं विमान जाम हलतं, नवीन असाल तर पहाटे उजाडल्यावर किंवा संध्याकाळी वारा पडल्यावरच जा, पण सूर्य मावळायच्या आत खाली. विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी पिशवी) जोरात फडफडत असेल तर चहा प्या आणि गप्पा मारा.

रॉकेटवालं पॅराशूट (हँडल ओढलं की रॉकेटने बाहेर फेकलं जाणारं, अख्ख्या विमानाचं) असेल तर उडण्याआधी हँडलची सेफ्टी पिन काढा, आणि उतरलात की पहिल्यांदा ती परत लावा, नाहीतर बघायला आलेलं एखादं पोरगं ते हँडल ओढेल.