हल बेंडिंगचा पहिला अंदाज काढताना या चुका टाळा

स्थिर पाण्यात जहाजाच्या हलला, म्हणजे मुख्य शरीराला, वाकवू पाहणारा बेंडिंग मोमेंट म्हणजे वजन आणि बॉयन्सी (पाण्याचा वर ढकलणारा जोर) यांच्या दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, हे नवीन मुलांच्या गळी उतरवणं फार अवघड जातं. १२० मीटर लांब, १६.३ मीटर रुंद, ६ मीटर ड्राफ्ट (पाण्याखालची खोली), ब्लॉक कोइफिशंट (पाण्याखालचा भाग त्याच मापाच्या ठोकळ्याचा किती हिस्सा भरतो) ०.७५ आणि डिस्प्लेसमेंट (एकूण वजन) ९,००० टन असं जहाज घ्या. मरे पद्धतीने, म्हणजे पहिल्या अंदाजाच्या एका सोप्या सूत्राने, मिडशिपभोवती (लांबीच्या मध्याभोवती) बॉयन्सीचा सरासरी मोमेंट १,०४,६२५ टन-मीटर येतो. वजनांचा समजा १,१२,००० आला, तर हाती उरतं ७,३७५ हॉगिंग (मध्य वर आणि टोकं खाली असं वाकणं). आता वजनांच्या बाजूला फक्त ३ टक्के चूक धरा. ३,३६० टन-मीटरचा फरक पडला, म्हणजे उत्तरच सुमारे ४६ टक्के हललं! म्हणून मी वजनाच्या प्रत्येक ओळीपुढे ते कुठून कुठपर्यंत पसरलंय हे लिहितो. पोलाद सगळ्या लांबीवर सारखं वाटून मोकळं होणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी चूक म्हणजे जहाजाच्या लांबीवर काढलेला वक्र टोकाला शून्यावर बंद न होणं. शिअर फोर्स (उभा कापू पाहणारा जोर) आणि बेंडिंग मोमेंट दोन्ही टोकांना शून्यच यायला हवेत. मी काम करायचो त्या ड्रॉइंग ऑफिसात एका ज्युनियरने ६,००० टनांच्या बॅलास्ट कंडिशनचा (माल नसताना टाक्यांत पाणी भरलेल्या स्थितीचा) वक्र आणला. पुढच्या टोकाला ४,८०० टन-मीटर शिल्लक राहत होते आणि त्याने ते सरळ रेषेने लांबीभर वाटून टाकले होते. कागदावर सगळं सुबक दिसत होतं, पण मिडशिपला त्यातले २,४०० गुपचूप मिसळले होते. मी ४,८०० ला ६,००० ने भागलं, ०.८ मीटर आले. म्हणजे गुरुत्वमध्य तेवढा सरकला होता. मग वजनांची यादी उघडली. ६० टनांचं मुख्य इंजिन मागच्या परपेंडिक्युलरपासून (लांबी मोजायच्या मागच्या उभ्या रेषेपासून) २० मीटरवर होतं, आणि नव्या पत्रकात तेच २० पुढून मोजलेले! ६० टन ८० मीटर पुढे गेले होते. ट्रिम (पुढच्या-मागच्या ड्राफ्टमधला फरक) मात्र जुन्या पत्रकावरून घेतलेला. उरलेली चूक लांबीभर वाटणारं दुरुस्तीचं बटण मी आजही शेवटी दाबतो, आणि तेही ती चूक नगण्य असेल तरच. आधी गुरुत्वमध्य आणि बॉयन्सीचा मध्य कागदाच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने शेजारी-शेजारी लिहून पाहतो.

फक्त फुल लोड तपासू नका. इंजिन मागे असलेल्या जहाजात बॅलास्टमधलं हॉगिंग बहुधा जास्त निघतं.

लाटेच्या मोमेंटसाठी आयएसीएसचं (जहाज वर्गीकरण संस्थांच्या संघटनेचं) सूत्र वापरता, तेव्हा हॉगिंग आणि सॅगिंग (मध्य खाली वाकणं) वेगळे काढा. वरच्या जहाजाला ते साधारण २,७८,८०० आणि ३,१२,००० किलोन्यूटन-मीटर येतात. टन-मीटरमध्ये मिसळण्याआधी ९.८१ ने भागा. ब्लॉक कोइफिशंट ०.६ पेक्षा कमी असला तरी सूत्रात ०.६ च धरा. आणि हे सूत्र ९० मीटरच्या खालच्या जहाजांसाठी नाही.

शेवटची चूक, नुसतं मिडशिप बघून थांबणं. जानेवारी २००७ मध्ये इंग्लिश खाडीत एमएससी नेपोली या कंटेनर जहाजाचं हल इंजिन रूमजवळ निकामी झालं. बकलिंगची (दाबाखाली पत्रा मुडपण्याची) तपासणी तेव्हाच्या नियमांत मिडशिपच्या आसपास लांबीच्या ०.४ भागापुरतीच सक्तीची होती आणि ती जागा त्याबाहेर होती. इंजिन रूमच्या पुढच्या बल्कहेडला (आतल्या उभ्या भिंतीला), आणि जिथे फ्रेमिंगची (हलच्या आतल्या फासळ्यांची) पद्धत बदलते तिथे, मी पहिल्याच अंदाजात मोमेंट आणि शिअर काढून ठेवतो.