टेकडीसाठी धावणारे मतदानाला का पोचत नाहीत? पर्यावरणप्रेमी गटांनी या चुका टाळाव्यात

पुण्यातील वेताळ टेकडीवरील रस्त्याला किंवा मुळा-मुठेच्या काठावरील वृक्षतोडीला विरोध करण्यासाठी भल्या सकाळी जमणाऱ्यांना महापालिकेच्या मतदानाविषयी विचारले, की ‘ते राहूनच गेले’ असे उत्तर मला अनेकदा मिळाले आहे आणि ते दरवेळी मनाला लागते.

पहिली चूक म्हणजे पटलेलेच पुन्हा पटवत बसणे. झाडांचे महत्त्व जाणणाऱ्याला ते नव्याने ऐकवण्यापेक्षा, किती वाजता, कोणाबरोबर आणि कोणत्या शाळेतील केंद्रावर जाणार, हे विचारावे. बोस्टनमध्ये २०१५ साली सुरू झालेला ‘एन्व्हायर्नमेंटल व्होटर प्रोजेक्ट’ कोणत्याही उमेदवाराचा प्रचार न करता, पर्यावरणाची काळजी असूनही मत न देणाऱ्यांना केवळ मतदानाची सवय लावण्याचे काम करतो. आपल्याकडेही हीच वाट धरावी, असे माझे मत आहे.

‘सुशिक्षित लोक मत देतच नाहीत’ असे सतत बोलून दाखवणेही टाळावे, कारण त्यातून मत न देणे हीच रीत ठरते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लोकसभा-विधानसभेपुरतेच जागे होणे. १९७५ च्या झाडांचे जतन व संरक्षण करण्याच्या कायद्यानुसार शहरातील वृक्षतोडीचे अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे जातात, त्यात नगरसेवक असतात, आणि ते नगरसेवक निवडण्याची संधी पुणेकरांना २०१७ नंतर थेट जानेवारी २०२६ मध्ये मिळाली. म्हणजे सव्वीस वर्षांच्या तरुणासाठीही ते महापालिकेचे पहिलेच मतदान होते. अशांना सवय आपोआप लागेल, असे गृहीत धरू नये.

मतदानाच्या आठवड्यात यादीत नाव शोधणे हीसुद्धा नेहमीची चूक आहे. ओळखपत्र खिशात असले तरी नाव यादीत असेलच असे नाही. शिवाय महापालिकेसाठी विधानसभेची ठरावीक दिवसाची यादी वापरतात, जी जानेवारी २०२६ साठी १ जुलै २०२५ ची होती, त्यामुळे नंतर केलेली धावपळ वाया जाते. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ता बदलल्यास नमुना ८ भरावा लागतो, तो निवडणूक नसतानाच गटाने एकत्र बसून भरावा.

पुण्यातील बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे असल्याने तिथे चार मते द्यायची असतात, हेही नवख्या मतदाराला आधीच सांगून ठेवावे.