जागलीचे (रात्री शेत राखायचे) दिवस आलेत, वावरातल्या कुत्र्याची तयारी करून घ्या

थंडी पडली की नागपूर जिल्ह्यातल्या काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर या सगळ्या पट्ट्यात माल एकदमच उघड्यावर असतो. आंबिया बहाराचा संत्रा तोडीला आलेला, मृग बहाराचा अजून झाडावर, तूर उभी, हरभरा फुलावर, कापूस अर्धा वावरात अर्धा घरात, आणि मोटारीची केबल न् ड्रिपचे पाईप तर बाराही महिने पडलेलेच असतात. रात्री डुकरं येतात, रोही (नीलगाय) येतात, चोरही येतात. अशावेळी बरेच जण विचारतात की भाऊ, चांगला कुत्रा कोणता घ्यावा, जर्मन शेफर्ड घेऊ का डॉबरमन. मी म्हणतो नवीन घ्यायचं नंतर पाहू, आधी वावरात जो आहे त्याच्याकडं लक्ष द्या, कारण आज आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू या हंगामात काहीच कामाचं नाही. ते सहा-आठ महिन्यांनी परक्या माणसावर भुंकायला लागतं आणि खरं राखणदार व्हायला त्याला दीड-दोन वर्षं लागतात.

एक गोष्ट मात्र मनात पक्की ठेवा, कुत्र्याचं काम भुंकून उठवायचं, पुढचं काम आपलं. डुकराच्या अंगावर कुत्रे सोडायचे नाहीत. मोठा नर डुक्कर सुळ्यानं कुत्र्याचं पोट फाडतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात जनावराला पळवणं, घेरणं, मारणं हे सगळं शिकारीतच धरतात, मग कुत्र्यानं केलं तरी केस तुमच्यावर. डुकरासाठी धुऱ्यावर (बांधावर) विजेची जिवंत तार लावणारे अजून आहेत, त्यांना हात जोडून सांगतो बाप्पा, त्या तारेत आपल्या भागात माणसं गेली, वाघ गेले, आणि रात्री मोकळा फिरणारा तुमचा स्वतःचा कुत्रा तर सगळ्यात आधी सापडतो. पिकाचं नुकसान झालं तर फोटो काढा, सातबारा घ्या आणि लगेच वनविभागात अर्ज टाका, दिवस घालवू नका.

आता खाण्याचं. संध्याकाळी पोटभर खाल्लेला कुत्रा रात्री झोपतो, म्हणून मोठं जेवण सकाळी द्या, रात्रभर जागून आल्यावर, आणि संध्याकाळी थोडंच. ज्वारीची भाकर, ताक, उकडलेलं अंडं, कधी मटणाचे तुकडे, एवढं पुरतं. थंडीत मात्र खुराक वाढवा. कांदा-लसणाचा रस्सा नको, कांद्यानं कुत्र्याचं रक्त खराब होतं, आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडं तर अजिबात नको, ती फुटून आतड्यात टोचतात. दुसरं म्हणजे घरच्या एक-दोन माणसांच्या हातचंच खायची सवय लावा. पोलिसांच्या आणि लष्कराच्या कुत्र्यांना परक्यानं टाकलेलं न खायला मुद्दाम शिकवतात, कारण चोर आधी खायलाच टाकतो. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण ताटलीतच खायचं, जमिनीवरचं उचललं की दटावायचं, हे लहानपणापासून केलं तर बरंच जमतं.

झोपायची जागा पाहा. आपली थंडी साधी नाही, २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशावर गेला होता. जमिनीपासून वीतभर उंच फळ्या ठोका, वर सोयाबीनचं कुटार (भुसा) आणि पोतं, उत्तरेकडून आडोसा, बस. दिवसा बांधायचं असेल तर खुंट्याला नको, बागेच्या कडेच्या दोन झाडांमध्ये आडवी तार ताणा आणि साखळीची कडी त्या तारेवर सरकती ठेवा, कुत्रा पंधरा-वीस मीटर फिरतो, चिडचिडा होत नाही. सतत आखूड साखळीला बांधलेला कुत्रा चावरा होतो, हे लक्षात ठेवा, कारण तोडीच्या दिवसात वावरात मजूर येतात, त्यांची लेकरं झाडाखाली खेळतात, व्यापाऱ्याचा ट्रक येतो. तोड चालू असताना कुत्रा बांधलेलाच पाहिजे. चावलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये निष्काळजी मालकावर गुन्हा होतो. आणि पैसे घेऊन कुत्र्याला अंगावर जायला शिकवतो म्हणणाऱ्यांकडं जाऊच नका. सीमा सुरक्षा दलाचं टेकनपूर असो का सीआरपीएफचं बंगळुरूजवळचं तरळू, तिथं कुत्र्यासोबत त्याचा माणूसही शिकतो आणि पुढं दोघं सोबतच काम करतात. तो माणूस नसेल तर अंगावर जाणारा कुत्रा म्हणजे भरलेली बंदूक लेकरांच्या हातात.

रामटेक, पारशिवनी, देवलापार, उमरेड, हिंगणा, म्हणजे जंगलाला लागून ज्यांचं वावर आहे त्यांनी रात्री कुत्रा उघड्यावर बांधून ठेवू नका. बिबट्याला तो आयता मिळतो, आणि एकदा मिळाला की बिबट्या तिथं परत येतो. जाळीच्या पिंजऱ्यात किंवा कोठ्यात (गोठ्यात) बंद ठेवा, भुंकणं आतूनही ऐकू येतं. हिमालयातले मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो बिबट्यासाठीच, त्यानं मान वाचते. भुंकण्यातला फरक ओळखायला शिका, फार कामाचं आहे. माणूस आला की कुत्रा पांदणीकडं (वावराच्या वाटेकडं) तोंड करून एकसारखा भुंकतो, डुकरं आली की थोडा पुढं जातो, मागं येतो, परत जातो. आणि शेपूट पायात घालून, अंग चोरत, कण्हत तुमच्या खाटेखाली शिरला तर झोपडीबाहेर पाऊल टाकू नका, बॅटरी मारा, फटाका फोडा, शेजाऱ्याला फोन करा.

लस. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी. डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजारांची सहा-आठ आठवड्यांपासून, ही नुसती कुत्र्यासाठी नाही, २०१८ मध्ये गीरमध्ये वीसच्या वर सिंह मेले त्यात डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, आणि आपला कुत्रा ज्या नाल्यावर पाणी पितो तिथंच पेंच किंवा कऱ्हांडल्याचा वाघही येऊ शकतो. गोचिडासाठी फवारणीचं औषध अंगाला चोळू नका, ढोरांचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं टोचू नका, डोस चुकला की कुत्रा जातो. डुकरासाठी कोणी थिमेट (विषारी कीटकनाशक) टाकलं असेल तर चाटून कुत्रा लाळ गाळतो, अंग थरथरतं, तेव्हा घरगुती काही करत बसू नका, औषधाचं पाकीट सोबत घ्या आणि सरळ डॉक्टर गाठा. नागपुरात सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहेच.

ज्यांना पिल्लू घ्यायचंच आहे त्यांच्यासाठी हिवाळा चांगला, गावठी कुत्र्या याच दिवसात व्यालेल्या असतात. ज्या कुत्रीची आधीपासून वावरात राखण चालू आहे तिचं घ्या, दोन महिन्यांचं झाल्यावरच, आणि एकटं नको, दोन घ्या, एकटा कुत्रा रात्री घाबरतो. गावठी आपलं ४५ अंशाचं ऊन काढतो, दाट केसांचे विलायती कुत्रे मे महिन्यात धापा टाकत पडून राहतात. वर्षभराचा झाला की नसबंदी करा, नाहीतर कुत्रीमागं हंगामात गाव फिरतो आणि वावर रिकामं.

कुत्रा कोणालाही चावला, अगदी घरच्याला, लस दिलेला असला तरी, जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका, टाके घालायची घाई नको. नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा जवळच्या कोणत्याही सरकारी दवाखान्यात जा, पहिलं इंजेक्शन त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत टोचायचं वेगळं सिरम विचारून घ्या. आणि कोल्ह्याशी किंवा अनोळखी कुत्र्याशी आपल्या कुत्र्याचं भांडण झालं तर त्यालाही चावल्यानंतरचा डोस लागतो, मागच्या वर्षीची लस आहे म्हणून थांबू नका, दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडीवर बसवून न्या.