सिलिंडर बदलायचा कसा?

नोकरीसाठी पहिल्यांदा घराबाहेर राहणाऱ्यांना वरण-भात लावायला शिकवलं जातं, सिलिंडर बदलायला क्वचितच. घरात ते काम कायम एकाच माणसाकडे असतं.

सिलिंडर आणणाऱ्याला लगेच सोडू नका. सील शाबूत आहे का बघा आणि वजन करून मागा. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं. ते १५.९ किलो असेल, तर गॅसचे १४.२ धरून काटा ३०.१ च्या आसपास हवा. वरच्या कड्याला धरणाऱ्या पट्टीवर आतून 'सी २८' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ती टाकीच्या पुढच्या तपासणीची मुदत. आकडा वर्षाचा, म्हणजे २०२८; अक्षर तिमाहीचं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, आणि असं तीन-तीन महिने पुढे डीपर्यंत. मुदत उलटलेली टाकी परत पाठवा.

आता टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडात बघा. आत काळा रबरी वायसर दिसला पाहिजे. तो नसला किंवा चिरलेला असला, तर रेग्युलेटर कितीही नीट बसवा, वास येणारच. हेही माणूस दारात असतानाच बघायचं.

बदलताना खिडकी उघडा. देवापुढचा दिवा, उदबत्ती विझवा. शेगडीची बटणं आणि रेग्युलेटर बंद करा. रेग्युलेटरच्या खालची काळी कडी वर ओढून तो हलका फिरवत उचला. नव्या टाकीवर कडी वर धरूनच टेकवा, कडी सोडा, खाली दाबा. 'टक' आवाज आला नाही तर तो बसलेला नाही. मग साबणाचा फेस जोडावर आणि नळीच्या दोन्ही टोकांना लावा. बुडबुडे फुगले तर गळती आहे. काडी ओढून तपासणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

वास आलाच तर विजेचं एकही बटण दाबू नका, चालू असलेला पंखाही बंद करू नका. ठिणगी बटणातच पडते. रेग्युलेटर काढून व्हॉल्व्हवर टोपण घट्ट बसवा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून टाकी ओट्याखाली कपाटात ठेवायची तर दाराला खालच्या बाजूने भोकं हवीत.

आणि गॅस संपत आला म्हणून टाकी आडवी करायची सवय घरून आणली असेल, तर सोडा. आडव्या टाकीतून वाफेऐवजी पातळ गॅसच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि शेगडीवर भडका उडतो.