मॅटमध्ये मूळ अर्ज करताना मुदतीचा हिशेब कसा ठेवावा

राज्य शासनाच्या सेवेतील भरती, ज्येष्ठता, बदली किंवा निलंबन यांवरून शासनाशी वाद असेल, तर दाद मागण्याची पहिली जागा म्हणजे १९९१ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, अर्थात मॅट. पुणेकरांसाठी ते मुंबईच्या मुख्य पीठात आहे. शास्त्री रस्त्यावरच्या अभ्यासिकांत बसणाऱ्या परीक्षार्थींनाही शासकीय पदांच्या भरतीबाबत तेथे अर्ज करता येतो. महानगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना मात्र येत नाही.

प्रथम सेवानियमांत असलेले अपील किंवा अभिवेदन, म्हणजे वरिष्ठांकडे लेखी विनंती, करावे आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्क्यातील तारीख पुसट उठली असेल, तर खिडकीवरून हलण्यापूर्वी ती पेनाने लिहून घ्यावी, कारण पुढचा सगळा हिशेब त्या तारखेवर उभा राहतो.

हा हिशेब १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. अंतिम आदेश मिळाला असेल, तर त्याच्या तारखेपासून एक वर्ष. उत्तरच आले नसेल, तर सहा महिने वाट पाहून त्यापुढे एक वर्ष. म्हणजे १० जानेवारी २०२५ रोजी दिलेल्या अभिवेदनाला उत्तर नसेल, तर मूळ अर्ज, म्हणजे मॅटपुढचा आपला दावा, १० जुलै २०२६ पर्यंत दाखल झाला पाहिजे.

“स्मरणपत्रे देत राहा, मुदत आपोआप वाढते,” हा कार्यालयांतून सर्रास दिला जाणारा सल्ला साफ चुकीचा आहे. ज्येष्ठता यादीतील माझ्या क्रमांकासाठी मी तो मानला, “फाइल साहेबांच्या टेबलावर आहे” एवढ्या उत्तरावर पाच स्मरणपत्रे दिली आणि मुदत चार महिन्यांनी हुकवली. नियमांत तरतूद नसलेल्या वारंवार अभिवेदनांनी मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. एस. राठोर प्रकरणात १९८९ मध्येच स्पष्ट केले होते. विलंबमाफीचा अर्ज करता येतो, पण त्यात उशिराचे पुरेसे कारण पटवून द्यावे लागते आणि “उत्तराची वाट पाहत होतो” हे कारण फार दुबळे ठरते. म्हणून दुसरे स्मरणपत्र लिहिण्याऐवजी त्याच दिवशी मूळ अर्जाचा मसुदा हाती घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

अर्जात घटना तारीखवार लिहाव्यात, आव्हान दिलेला आदेश जोडावा आणि स्थगिती हवी असेल तर तीही तेथेच मागावी. वकील देणे सक्तीचे नाही. नोटीस, शासनाचे शपथपत्र, आपले प्रत्युत्तर आणि युक्तिवाद या क्रमाने प्रकरण चालते. निकाल विरुद्ध गेल्यास उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे रिट याचिका करावी.